श्रवण आणि भाषा

चेन्नई शहरात वळ्ळुवर कोट्टम या नावाचे एक स्मारक आहे. तिरुवळ्ळुवर या प्राचीन तमिळ कवीच्या स्मरणार्थ १९७६ साली ते उभे राहिले. दगडी रथाच्या आकाराची ही वास्तू असून तेथे ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथातील सर्व १३३० द्विपदी दगडावर कोरलेल्या आहेत. ग्रंथाचे अध्याय १३३, आणि प्रत्येक अध्यायात दहा द्विपदी. त्यांतील बेचाळिसाव्या अध्यायाचे नाव ‘केळ्वी’ असे आहे. केळ्वी म्हणजे ऐकणे. आणि ऐकून मिळविलेली विद्या, असाही या शब्दाचा अर्थ होतो. संस्कृतात वेदांना श्रुती म्हटले गेले. मराठीत ज्याने पुष्कळ ऐकले तो बहुश्रुत, म्हणजेच ज्ञानी. भाषा निराळ्या, पण समजूत एकच. ज्ञान कानावाटे येते, असे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच ठरवून टाकले होते.

या समजुतीची दुसरी बाजू मात्र कठोर होती. ज्याला ऐकू येत नाही त्याला विद्या नाही, आणि ज्याला विद्या नाही त्याला अधिकारही नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. मनुस्मृतीने जन्मांध व जन्मबधिर माणसाला वडिलार्जित मिळकतीत वाटा नाकारला. त्याला अन्नवस्त्र द्यावे, पण हिस्सा देऊ नये, असा तो नियम होता. हिंदू कायद्यातील ही अपात्रता दूर करण्यास १९२८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी झालेल्या वारसाहक्काच्या कायद्याने केवळ बहिरेपणाच्या कारणावरून वारसाला वगळण्याची पद्धत बंद केली. मराठीत ‘मुका-बहिरा’ हा जोडशब्द आजही सहज उच्चारला जातो. वस्तुतः जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुतेक मुलांचा कंठ निर्दोष असतो. शब्द कानावर पडत नाहीत म्हणून ते जिभेवर येत नाहीत, एवढीच त्या मुकेपणाची गोष्ट आहे.

तेव्हा अशा मुलाला भाषा कोणत्या मार्गाने द्यावयाची, हा प्रश्न उरतो. कान निकामी असला तरी ओठांच्या हालचाली वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवून, की डोळ्यांना दिसणाऱ्या हातांच्या खुणांनी? गेली अडीचशे वर्षे हा वाद चालू आहे. कॉक्लिअर इम्प्लांट या विद्युत्‌यंत्राविषयी अलीकडे जी चर्चा होते ती याच वादाचा पुढचा अध्याय होय. ती नीट समजून घ्यावयाची तर आधीचे अध्याय चाळावे लागतात.

अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मोपदेशकाने बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली. ही मुले आपापसांत ज्या खुणा करीत त्यांचाच आधार घेऊन त्याने त्यांना फ्रेंच वाचावयास व लिहावयास शिकविले. जर्मनीत सॅम्युअल हायनिके याने १७७८ साली लाइपझिग येथे शाळा उघडली. बोललेल्या शब्दावाचून विचार शक्य नाही, असे त्याचे ठाम मत होते. या दोघांमध्ये झालेला पत्रव्यवहार हा या वादाचा पहिला लेखी पुरावा मानला जातो. पुढे शंभर वर्षे दोन्ही पंथ आपापल्या वाटेने चालत राहिले.

१८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी जमले होते. त्यांत स्वतः बहिरा असा प्रतिनिधी केवळ एक होता. मौखिक पद्धतीच श्रेष्ठ असून शाळांतून खुणांना स्थान असू नये, असा ठराव तेथे मोठ्या बहुमताने संमत झाला. पाहता पाहता युरोपातील वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या आणि त्यांबरोबर अनेक बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा मौखिक पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता होता. त्याची आई बहिरी होती आणि पत्नीही बहिरी होती. त्याच्या आग्रहामागे ममता होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांना न विचारता तो घेण्याची जी प्रथा मिलानला पडली, तिचे व्रण बहिऱ्यांच्या मनावर फार काळ राहिले. २०१० साली व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने या जुन्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मधल्या काळात १३० वर्षे गेली होती.

हिंदुस्थानात बहिऱ्यांच्या शाळा निघू लागल्या त्या नेमक्या मिलानच्या सावलीत. मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या प्रयत्नाने १८८५ च्या सुमारास पहिली शाळा सुरू झाली. कलकत्त्याची शाळा १८९३ ची. तिच्या संस्थापकांपैकी यामिनीनाथ बॅनर्जी यांनी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले. मद्रास इलाख्यात तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या इंग्रज मिशनरी बाईंनी त्याच दशकात शाळेची स्थापना केली. पुढे खुद्द मद्रास शहरातही अशा शाळा निघाल्या. अधिकृत धोरण बहुतेक ठिकाणी मौखिकच राहिले. वर्गात शिक्षक ओठांकडे पाहण्यास सांगत आणि वर्ग सुटला की वसतिगृहाच्या आवारात मुलांचे हात बोलू लागत. भारतीय खुणांची भाषा अशा रीतीने पाठ्यपुस्तकाविना, व्याकरणाविना, मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे वाहत आली. शिक्षणखात्याच्या दप्तरी तिची नोंद नव्हती.

मौखिक पद्धतीला मद्रासमध्ये एक नवे आणि अतिशय कसोशीचे रूप मिळाले ते १९६९ साली. त्या वर्षी बाल विद्यालय ही संस्था निघाली. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शाळेत घेण्याऐवजी तान्ह्या मुलापासूनच आरंभ करावा, दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावावे, आणि शिक्षिकेबरोबर आईनेही शाळेत बसून घरी दिवसभर मुलाशी कसे बोलावे ते शिकावे, अशी तिची रीत होती. श्रवणशक्तीचा जो काही अंश शिल्लक असेल तो वाया जाऊ द्यावयाचा नाही, हे तिचे सूत्र. येथून पुष्कळ मुले पुढे सर्वसाधारण शाळांत गेली. या यशाचे खरे रहस्य यंत्रात नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. ते होते लवकर केलेल्या आरंभात आणि आईच्या अखंड बोलण्यात.

तथापि श्रवणयंत्राला एक मर्यादा आहे. ते आवाज मोठा करते, एवढेच. कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक सूक्ष्म नळी असते. तिच्यातील केसांसारख्या पेशी ध्वनिलहरींचे विद्युत्‌संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणतंतू ते मेंदूकडे नेतात. या पेशीच नष्ट झाल्या असतील तर आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही. मग पेशींना वगळून थेट तंतूंनाच विजेचा स्पर्श दिला तर काय होईल? पॅरिस येथे झूर्नो आणि एयरीएस या दोघांनी १९५७ च्या फेब्रुवारीत हा प्रयोग एका बहिऱ्या रुग्णावर केला. त्याला आवाजाची जाणीव झाली, शब्द मात्र समजले नाहीत. १९६१ मध्ये लॉस अँजेलिस येथे विल्यम हाउस यांनी हेच काम पुढे नेले.

शब्द समजावयाचे तर एका तारेने भागणार नव्हते. शंखाच्या मुखाशी उंच स्वर आणि आतल्या टोकाशी खालचे स्वर उमटतात. तेव्हा निरनिराळ्या जागी निरनिराळ्या तारा पोहोचविणे आवश्यक होते. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क हे शल्यविशारद याच विवंचनेत होते. त्यांचे वडील औषधविक्रेते असून त्यांना ऐकू कमी येई. गिऱ्हाइकाला मागणी मोठ्याने सांगावी लागे आणि त्या संकोचाचे साक्षीदार म्हणून क्लार्क लहानाचे मोठे झाले. १९७७ साली समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एका शिंपल्याच्या वेटोळ्यात गवताची पाती सारून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेले पाते सहज आत जाते, हे त्यांच्या ध्यानी आले आणि तारांच्या जुडग्याची रचना कशी असावी हे उमगले. १९७८ च्या १ ऑगस्टला मेलबर्न येथे त्यांनी अनेक तारांचे यंत्र पहिल्यांदा रुग्णाच्या कानात बसविले. व्हिएन्ना येथे इंगेबोर्ग व एर्विन होखमायर या दांपत्याने बनविलेले यंत्र त्याआधी काही महिनेच, १९७७ च्या डिसेंबरात, बसविले गेले होते. अमेरिकेत १९९० मध्ये लहान मुलांसाठी अशा यंत्राला मान्यता मिळाली.

भारतात अनेक तारांची ही यंत्रे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात येऊ लागली. मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने आणि चेन्नईत डॉ. मोहन कामेश्वरन यांची नावे या कामाशी विशेष निगडित आहेत. कामेश्वरन यांनी स्थापन केलेली मद्रास ईएनटी रिसर्च फाउंडेशन ही संस्था दक्षिणेतील या शस्त्रक्रियेचे एक प्रमुख केंद्र ठरली. परंतु यंत्राची किंमत लाखांच्या घरात असल्यामुळे प्रारंभी हा उपचार केवळ श्रीमंतांच्या आवाक्यात होता. तमिळनाडूच्या राज्यशासनाने २००९ साली आरोग्यविम्याची योजना सुरू केली. तिच्यात आणि २०१२ पासून तिची जागा घेणाऱ्या मुख्यमंत्री विमा योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटचा समावेश झाला, तेव्हा चित्र पालटले. शेतमजुरांची, हातगाडीवाल्यांची, गिरणीकामगारांची हजारो मुले सरकारी खर्चाने शस्त्रक्रियागृहात पोहोचली. यंत्र बसविल्यानंतर ऐकण्या-बोलण्याचे जे प्रशिक्षण द्यावे लागते त्याचीही तरतूद या योजनेत केली गेली. केंद्र शासनाने २०१४ पासून अपंगांना साधने पुरविण्याच्या आपल्या योजनेत वर्षाला ५०० मुलांसाठी, प्रत्येकी सहा लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत, ही सोय केली आणि तिच्या व्यवस्थेचे काम मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे सोपविले. दरिद्री माणसाच्या मुलाला इतका महागडा उपचार शासनाने द्यावा, ही गोष्ट थोडी नव्हे.

मग वाद कशाचा? पहिला आक्षेप आला तो अमेरिकेतून आणि खुद्द बहिऱ्यांकडून. १९६० साली विल्यम स्टोकी या अभ्यासकाने खुणांच्या भाषेला स्वतःची शब्दघटना व व्याकरण असते, ती बोलभाषेची मोडकीतोडकी नक्कल नव्हे, हे शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिले होते. ज्यांना आजवर व्यंग म्हणून हिणविले गेले त्यांना आपण एक भाषिक समाज आहोत असा आत्मविश्वास त्यामुळे प्राप्त झाला. तशात १९९० मध्ये मुलांच्या इम्प्लांटला मान्यता मिळाली, तेव्हा अमेरिकेतील बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ साली तिचा कडक निषेध केला. स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या निरोगी बालकावर शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार कोणाला, असा तिचा सवाल होता. हेच मिलानचे दुसरे रूप, असे कित्येकांना वाटले. २००० साली याच संघटनेने आपली भूमिका सौम्य केली. इम्प्लांट हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय आहे, पण मूल बहिरे आहे म्हणून त्याच्यात दुरुस्ती केलीच पाहिजे असे समजू नये, असे तिने म्हटले.

भारतातील परिस्थिती याहून निराळी आहे. येथे खुणांच्या भाषेचा शास्त्रीय अभ्यासच उशिरा, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. मदन वसिष्ठ हे स्वतः बहिरे असलेले विद्वान आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर येथील बहिऱ्यांच्या खुणा तपासून कोशांची सुरुवात केली. खुणांच्या भाषेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र दिल्लीत स्थापन झाले ते २०१५ साली. त्याचा ३००० शब्दांचा पहिला कोश २०१८ मध्ये आला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणांच्या भाषेचा उल्लेख करून तिला कायद्याच्या भाषेत जागा दिली. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक भरली होती. त्यांतील फारच थोड्यांना यंत्र मिळाले आणि फारच थोड्यांना खुणांची शाळा. बहुसंख्यांच्या वाट्याला दोन्ही आले नाही.

या शेवटच्या वाक्यातच या वादाचे मर्म आहे. भाषा शिकण्याचा काळ निसर्गाने आखून दिला आहे. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत कानावर ध्वनी पडू लागला तर मेंदूतील श्रवणाचे केंद्र त्याला आपलेसे करते. सात वर्षांनंतर तेच काम अतिशय कठीण होऊन बसते. खेडेगावातील मूल बहिरे आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत पुष्कळदा ध्यानात येत नाही. ‘उशिरा बोलेल, आजोबाही उशिराच बोलत होते,’ असे घरची वडीलधारी माणसे सांगतात. मग तालुक्याचा दवाखाना, मग जिल्हा, मग शहर. तोवर मोलाची वर्षे निघून जातात. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची, पण तिच्यानंतरचे शिक्षण दोन-तीन वर्षांचे. शस्त्रक्रिया चेन्नईत झाली आणि मूल शंभर कोसांवरच्या गावी परतले, तर आठवड्याला शिक्षकाकडे नेण्यासाठी आईची मजुरी बुडते. कानामागचा बाहेरचा भाग बिघडला की त्याच्या दुरुस्तीचा खर्च एखाद्या गरीब घराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतका होतो. मग ते यंत्र पेटीत जाते आणि मूल पुन्हा निःशब्दतेत जाते. अशा वेळी त्याला खुणांची भाषाही शिकविलेली नसेल, तर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

‘खुणा शिकविल्या तर मूल बोलण्याचा आळस करील,’ अशी भीती पालकांना पूर्वापार घातली जाते. ही भीती मिलानहून आलेली आहे. लहान मूल दोन भाषा सहज पेलते, हे चेन्नईसारख्या शहराला वेगळे सांगावयास नको. तेथील घराघरांत तमिळबरोबर तेलुगू, इंग्रजी किंवा तंजावरच्या वारशाने आलेली मराठी नांदते आणि एकीमुळे दुसरी अडते असा कोणाचा अनुभव नाही. इम्प्लांटही काही पूर्ण कान नव्हे. निरोगी कानातील ध्वनिग्राहक पेशींची संख्या हजारांत मोजावी लागते, तर यंत्राच्या तारा वीस-बावीसच. संभाषण समजते, ठेकाही कळतो. पण दर डिसेंबरात, मार्गळी महिन्यात, चेन्नईच्या सभागृहांतून जे कर्नाटक संगीत घुमते त्यातील रागांचे सूक्ष्म स्वर आणि गमक या यंत्रातून नीट उतरत नाहीत. रात्री झोपताना यंत्र काढून ठेवले की मूल बहिरेच असते. त्या वेळी आईला त्याच्याशी बोलावयाचे तर हातांनीच बोलावे लागणार.

शासनाच्या दृष्टीने आणखी एक बाजू विचारात घ्यावी लागते. पुष्कळसा बहिरेपणा टाळता येण्याजोगा असतो. दक्षिणेत मामा-भाचीचे विवाह रूढ होते आणि महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल जुनी आहे. कनेक्सिन-२६ या जनुकातील एक विशिष्ट दोष भारतीयांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तो आला तर मूल बहिरे जन्मते, आणि जवळच्या नात्यातील विवाहात असा योग अधिक वेळा जुळतो. गर्भवती स्त्रीला रुबेला झाल्यानेही मूल बहिरे जन्मू शकते, हे १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी दाखविले. या रोगाविरुद्ध मुलांना गोवर-रुबेलाची लस टोचण्याची देशव्यापी मोहीम २०१७ च्या फेब्रुवारीत ज्या राज्यांत प्रथम सुरू झाली त्यांत तमिळनाडू आणि गोवा ही दोन्ही होती. एका लसीची किंमत आणि एका इम्प्लांटची किंमत यांची तुलना कोणत्याही अंदाजपत्रकात करून पाहावी. जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या कानांची तपासणी प्रसूतिगृहातच झाली, तर मग जो उपाय करावयाचा तो, यंत्राचा असो वा खुणांचा, वेळेवर करता येईल.

इतिहासाकडे पाहिले तर या वादात दोन्ही बाजूंनी एकच चूक वारंवार झाल्याचे दिसते. साधनालाच साध्य मानले गेले. हायनिकेला उच्चार हेच सर्वस्व वाटले, मिलानला ओठ, आणि आज कोणाला यंत्र वाटते. मुलाला हवी असते भाषा. आईशी भांडता येईल, मित्राला गुपित सांगता येईल, गुरुजींना प्रश्न विचारता येईल अशी भाषा. ती कानावाटे आली तर उत्तम. डोळ्यांवाटे आली तरी ती उणी ठरत नाही. तमिळनाडूने सामान्यांच्या मुलांसाठी शस्त्रक्रियागृहाचे दार उघडले, हे त्या राज्याचे मोठेच कार्य होय. त्याच दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला गावाजवळ शिक्षक मिळावा, यंत्राच्या दुरुस्तीची हमी मिळावी आणि ज्यांना यंत्र लाभले नाही किंवा नको आहे त्यांना खुणांच्या भाषेतून शिकविणारी शाळा मिळावी, एवढे काम महाराष्ट्रासह सर्वच राज्यांपुढे अद्याप शिल्लक आहे. वळ्ळुवर कोट्टममध्ये श्रवणाची महती सांगणाऱ्या त्या दहा द्विपदी दगडावर कोरलेल्या आहेत. ज्याला वाचता येते असा बहिरा माणूसही त्यांच्यासमोर उभा राहून त्या वाचू शकतो. त्याला वाचता यावे, अशी व्यवस्था मात्र त्याच्या पहिल्या पाच वर्षांतच झालेली असली पाहिजे.